कासवानं कूस बदलावी का?

एक होती राणी. नाव तिचं इंदुलेखा. वयानं लहान, चार बुकं शिकलेली, पदरी एक मुलगी, मैना. आणि त्या राणीचा तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

का? तर तिच्या राज्यातलं तळं ज्या बांधानं अडवलं होतं, तो बांध साधा नव्हता, बरं का. ते होतं एक म्हातारं कासव. शंभर वर्षं आडवं पडलेलं. पाठीवर गवत, दोन बाभळी आणि शेंदूर फासलेला एक म्हसोबा. आणि एकदा काय झालं, ते कासव बोललं.

"बाईसाहेब, अंग अवघडलं. कूस बदलू का?"

झालं! डावीकडे वळलं, तर कुंभारवाडा पाण्यात. उजवीकडे वळलं, तर माळ्यांच्या बागा कोरड्या. आणि वळलंच नाही, तर पाठीला तडा जाऊन सगळंच पाण्यात. आपण ठरवायचं आणि आपलंच चुकलं, तर? मैनेएवढी पोरं कुंभारवाड्यात काय कमी होती?

कारभारी म्हणाले, "खडे टाकून घ्या की, राणीसाहेब."

त्या राज्याची ती रीतच होती. जत्रेला पुरणपोळी की बुंदी? पांढरा खडा पोळीचा, काळा बुंदीचा. रांजणात टाका, मोजा, जेवा. कधी तंटा नाही. राणीला हायसं वाटलं. काळजी एकदाची रांजणात गेली!

मग दवंडी पिटली. कासवानं कूस बदलावी का? होय तर पांढरा, नाही तर काळा. लोक आले, खडे पडले. पांढरे सात जास्त. राणी धावत बांधावर गेली. "बदल रे बाबा कूस!"

कासव म्हणालं, "बरं. कुठल्या अंगाला?"

हे कुणी विचारलंच नव्हतं! कुंभार म्हणाले, आमचा होय उजवीकडचा. माळी म्हणाले, आमचा डावीकडचा. आणि दोघांचे खडे एकाच रांजणात, एकमेकांना खेटून.

मग दुसऱ्यांदा खडे. डावी की उजवी? माळी पुष्कळ, कुंभार थोडे. डावी जिंकली. कासव हलणार, तेवढ्यात तानी कुंभारीण आली, कडेवर पोर घेऊन.

"राणीसाहेब, माझं घर बुडवायचं ते मोजून ठरवलंत होय? मग ठीक आहे. न मोजता बुडलं असतं, तर वाईट वाटलं असतं."

राणीला तोंड लपवायला जागा उरली नाही. "थांब रे कासवा!" कासव थांबलं. पण पाठीत कर्रकन वाजलं आणि पाणी ठिबकायला लागलं.

मग तिसऱ्यांदा खडे. आधीचे खडे धरायचे की सोडायचे? रांजण काळ्यांनी भरला. "धरायचे नाहीत ना? मग करायचं काय?" राणीनं एका आजोबांना विचारलं.

"ते मला काय ठाऊक? मी काळा टाकला, कारण जत्रेतली पोळी करपली होती."

आता मात्र राणीनं कपाळावर हात मारला. आणि सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचाच आला. असलं विचारलं कुणी? तिनंच!

तिनं रांजण पालथा घातला. प्रत्येक आळीतून दोघंदोघं बोलावली आणि ठिबकत्या पाण्यात पाय सोडून कासवाच्या पाठीवर बसवली. स्वतःही बसली. "वाट निघेपर्यंत उठायचं नाही."

पहिला दिवस नुसता भांडणात गेला. दुसऱ्या दिवशी तानीनं खाली वाकून विचारलं, "कासवदादा, दुखतंय तरी कुठे?"

शंभर वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, बरं का. कासव म्हणालं, "डाव्या खांद्यात. उजवीकडे हातभर कललं तरी पुरे."

हातभर! तेवढ्यानं बागांचं पाणी अगदी थोडं तुटणार होतं. मग तानी म्हणाली, "तेवढं पाणी आम्ही भाजलेल्या मातीच्या नळांतून आणून देऊ." माळी जरा घुटमळले. मग म्हणाले, "भट्टीचं सरपण आमचं." आणि तोवर खांद्याला टेकू म्हणून त्यांनी गवताचे भारे लावले.

तिसऱ्या दिवशी राणीनं रांजण पुन्हा उभा केला. नळ आधी, कूस सुगीनंतर, उजवीकडे, हातभर. चालेल? या खेपेला हातातल्या खड्याचा अर्थ ज्याला त्याला ठाऊक होता. रांजण पांढऱ्यांनी भरला. काळे नऊ निघाले. राणीनं त्या नऊ जणांनाही विचारलं. त्यांच्या बागा टोकाला होत्या. मग नळ टोकापर्यंत नेला.

सुगी झाली. कासव हातभर कललं, हुश्श म्हणालं आणि घोरायला लागलं. कुंभारवाडा कोरडा राहिला, बागा ओल्या राहिल्या, सगळे पोटभर जेवले. कासव झोपलं, बाभळी झोपल्या, म्हसोबाही पेंगला. आता डोळे उघडे ठेवायला तुम्हीच तेवढे उरलात.

आणि राणी? ती दमून घरी आली, तर मैना टक्क जागी.

"मैने, आता झोपायचं ना? होय की नाही, एवढंच सांग."

मैना म्हणाली, "कुठे? तुझ्या कुशीत, की एकटीनं?"