सुळकू गांडुळाचं पांघरूण

डोंगराखाली एक छोटंसं शेत.
शेतात वांग्याचा वाफा.
वाफ्यावर वाळक्या पानांचं पांघरूण.
आणि पांघरुणाखाली कोण राहायचं?
सुळकू!

सुळकू म्हणजे इटुकलं गांडूळ. लालसर, लांबुळकं, ओलं ओलं. त्याला हात नाहीत. पाय नाहीत. मग ते चालायचं कसं?
सुळुक सुळुक, सुळुक सुळुक!

सुळकूची धाकटी भावंडंही तिथंच राहायची. ती तर एवढी एवढीशी. दोऱ्यासारखी बारीक.

एके दिवशी सकाळी वारा आला.
सूं सूं सूं!
पानं उडाली. भुर्र!
पांघरूण गेलं. वाफा उघडा पडला. वरून आलं ऊन. चट चट चट!

धाकटी भावंडं रडायला लागली.
"सुळकू, सुळकू, अंग वाळतंय!"

सुळकू म्हणालं, "रडू नका. एकमेकांना बिलगून बसा. पांघरूण घेऊनच येईन."

आणि सुळकू निघालं.
सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

बांधावर होता करंज. मोठ्ठा करंज! त्याच्या अंगावर पानंच पानं.

सुळकू म्हणालं,
"करंजा करंजा, पानं दे.
वाऱ्यानं पांघरूण नेलं,
ऊन लागतंय आम्हाला!"

करंज म्हणाला, "देईन की, सुळकू. पण घसा कसा सुकलाय बघ! आधी मला पाणी. पाणी प्यायलो की अंग झटकीन. जुनी पानं तुलाच देईन. जा, पाटाला सांग."

सुळकू निघालं.
सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

शेताच्या कडेनं होता पाट. झऱ्याचं पाणी या पाटातून शेतात यायचं. आज मात्र पाट कोरडा.

सुळकू म्हणालं,
"पाटा पाटा, पाणी दे.
पाणी करंजाला,
पानं आम्हाला.
वाऱ्यानं पांघरूण नेलं,
ऊन लागतंय आम्हाला!"

पाट म्हणाला, "देईन की, सुळकू. पण माझ्या तोंडात गाळ अडकलाय. बोलताही येत नाही नीट. गुळ गुळ गुळ! आधी माझी वाट मोकळी. जा, सगुणाकाकूला सांग."

सुळकू निघालं.
सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

सगुणाकाकू म्हणजे या शेताची मालकीण. ती अंगणात उभी होती. कडेवर तिची छबी. छबी नुकती पावलं टाकायला लागली होती. पण आज ती रडत होती.
ट्यां ट्यां ट्यां!

कुंपणापाशी शेजारचे बारकूभाऊ आले होते. त्यांच्या खांद्यावर गोणी.

बारकूभाऊ म्हणाले, "वहिनी, ही पावडर टाका शेतात. सगळं कसं झटपट हिरवं होईल!"

"नको हो भाऊ," काकू म्हणाली. "इथली भाजी माझी छबी खाते. आणि मातीत केवढी चिल्लीपिल्ली राहतात! त्यांना ती पावडर झोंबते."

"मग तुमचं शेत हिरवं व्हायचं कधी?"

"होईल की. हळूहळू होईल."

बारकूभाऊ हसले. गोणी घेऊन गेले.

तेवढ्यात काकूच्या पायाशी कोण आलं? सुळकू!

सुळकू म्हणालं,
"काकू काकू, गाळ काढ.
वाट पाटाला,
पाणी करंजाला,
पानं आम्हाला.
वाऱ्यानं पांघरूण नेलं,
ऊन लागतंय आम्हाला!"

काकू म्हणाली, "काढीन रे बाळा. पण छबी भुकेली आहे. तिला खाली ठेवलं की रडते. आधी छबीला दूध. जा, हरणीला सांग."

ट्यां ट्यां ट्यां!

सुळकू निघालं.
सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

हरणी म्हणजे काकूची गाय. गोठ्यात बसली होती. कान हलवत होती. फट फट!

सुळकू म्हणालं,
"हरणी हरणी, दूध दे.
दूध छबीला,
वाट पाटाला,
पाणी करंजाला,
पानं आम्हाला.
वाऱ्यानं पांघरूण नेलं,
ऊन लागतंय आम्हाला!"

हरणी म्हणाली, "देईन की, सुळकू. पण माझं पोट बघ. रिकामं! आधी मला चारा. हिरवा हिरवा चारा. जा, गवताला सांग."

सुळकू निघालं.
सुळुक सुळुक, सुळुक...
अरे बापरे! कोंबडी!
टुक टुक टुक! कोंबडी आली. मान वाकडी करून बघायला लागली.
"हे लाल लाल काय आहे बरं?"
सुळकू घुसलं दगडाखाली. गप्प बसलं. हललं नाही, डुललं नाही.
टुक टुक टुक... कोंबडी गेली.
हुश्श!

ऊन आणखी वाढलं. सुळकूचं अंग कोरडं पडलं. त्याला वाटलं, इथंच बसावं. या दगडाखाली किती गार आहे!
पण भावंडांचं काय? ती तर उन्हात.
सुळकू बाहेर आलं. आता त्याला भराभर चालवेना.
सुळुक... सुळुक... सुळुक...

पलीकडे होतं गवत. खुरटं, पिवळं पिवळं.

सुळकू म्हणालं,
"गवता गवता, चारा दे.
चारा हरणीला,
दूध छबीला,
वाट पाटाला,
पाणी करंजाला,
पानं आम्हाला.
वाऱ्यानं पांघरूण नेलं,
ऊन लागतंय आम्हाला!"

गवत म्हणालं, "देईन की, सुळकू. पण वाढू कसं? माझी मुळं आतच जात नाहीत. आधी मला जागा. जा, मातीला सांग."

माती कुठे होती? तिथंच, गवताखाली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी तुडवून तुडवून दगडासारखी घट्ट झालेली.

सुळकू म्हणालं,
"माती माती, मऊ हो.
जागा गवताला,
चारा हरणीला,
दूध छबीला,
वाट पाटाला,
पाणी करंजाला,
पानं आम्हाला.
वाऱ्यानं पांघरूण नेलं,
ऊन लागतंय आम्हाला!"

माती म्हणाली, "होईन की, सुळकू. पण एकटी कशी होऊ? कुणीतरी माझ्या आत यायला हवं. इकडून शिरायला हवं, तिकडून निघायला हवं. खाली जायला हवं, वर यायला हवं. म्हणजे मी मऊ होईन. असं कोण करेल? जा, त्याला घेऊन ये."

सुळकू निघालं...
नाही, नाही! सुळकू थांबलं.
इकडून शिरायचं? तिकडून निघायचं?
खाली जायचं? वर यायचं?

"अगं माती," सुळकू ओरडलं, "हे तर मला येतं!"

"तुला?" माती म्हणाली. "एवढ्याशा तुला?"

"हो, मला!"

सुळकूनं डोकं खुपसलं. माती कडक. जोर लावला. आणखी जोर लावला.
सुळुक!
शिरलं की आत!
इकडून शिरलं, तिकडून निघालं.
खाली गेलं, वर आलं.
माती खाल्ली, माती टाकली.
भुस भुस भुस! भुस भुस भुस!

माती हसायला लागली. "अरे, गुदगुल्या होतात!"
खाली गार होतं. ओलं होतं. सुळकूचं अंग पुन्हा मऊमऊ झालं.

माती म्हणाली, "सुळकू, आता इथंच राहा. मजेत राहा."

सुळकू म्हणालं, "नको गं. माझी भावंडं वाट बघतायत."

मग काय झालं?

माती मऊ झाली. भुस भुस भुस!
गवताला जागा मिळाली. मुळं आत गेली. गवत वाढलं. सर सर सर! हिरवंगार झालं.
हरणीला चारा मिळाला. कचर कचर कचर! पोट भरलं. मग तिनं शेण टाकलं. थप्प!
काकू म्हणाली, "वा हरणी! हे माझ्या वांग्यांना."
मग काकूनं धार काढली. चुर्र चुर्र चुर्र!
छबीला दूध मिळालं. गट गट गट! छबीला पांढऱ्या मिशा आल्या. छबी खुदकन हसली. रडणं कुठल्या कुठे पळालं.
काकूनं फावडं घेतलं. खच्च खच्च खच्च! गाळ निघाला.
पाटाला वाट मिळाली. खळ खळ खळ!
करंजाला पाणी मिळालं. करंज पाणी प्यायला. पोटभर प्यायला. त्यानं अंग झटकलं.
सळ सळ सळ!
पानं पडली. भिर भिर भिर!
वाफ्यावर पडली, बांधावर पडली, काकूच्या डोक्यावरसुद्धा पडली.

काकूनं पानं टोपलीत भरली. वाफ्यावर नीट पसरली. वर पाणी शिंपडलं. पानं ओली झाली, जड झाली. आता उडणार नाहीत.

आणि सुळकू आलं.
सुळुक सुळुक, सुळुक सुळुक!

"आलं, आलं, आमचं सुळकू आलं!" भावंडं म्हणाली.

ती आता गार होती. ओली होती. एकही वाळलं नव्हतं. सगळी सुळकूला बिलगली. सगळ्यांचा मिळून एक गुंता झाला. कुणाचं शेपूट कुठलं, कळेचना!

संध्याकाळी छबी वाफ्यापाशी आली. डुगू डुगू डुगू.
तिनं एक पान उचललं.
खाली काय होतं? इटुकलं, लालसर, लांबुळकं. गाढ झोपलेलं.

"आई! आई!" छबीचे डोळे मोठ्ठे झाले.

काकू तिच्याजवळ बसली. हळूच म्हणाली, "दमलंय गं ते. आज खूप काम केलंय त्यानं."

छबीनं सुळकूकडे बघितलं. पानाकडे बघितलं.
मग तिनं पान परत ठेवलं. अगदी अलगद.
आणि वरून हळूहळू थोपटलं.
थोप... थोप... थोप...