मैयाची कुपी

सातपुड्याच्या पायथ्याशी, सावरखेडी गावात, श्रीलिंबाजीमहाराज चिंचेच्या पारावर बसत असत, तेव्हाची ही गोष्ट.

सरजाबाई आणि केशरबाई या बालमैत्रिणी. दोघींनी साठी ओलांडलेली. नर्मदामैयाची पायी परिक्रमा करावी, ही जन्माची आस. आज्ञा मागायला दोघींनी महाराजांपुढे पदर पसरला.

त्यांच्याच आळीतला, त्यांच्याच वयाचा नथ्थू पैलवान शेजारी मिशा पिळत बसला होता. तो खो खो हसला. "केशरीची कंबर बघा! ही पाणंद ओलांडेपर्यंत मैया आटून जाईल. महाराज, मीही जातो. दोघींना खांद्यावर घालून परत आणायला कुणी नको का?"

"आधी तुझं पोट उचल, मग आम्हाला!" केशरबाई फणकारल्या.

महाराज हसले. "तिघे जा. तिघांनाही पोचवणं आमच्याकडे लागलं."

ओंकारेश्वरला तिघांत मिळून एका कुपीत मैयाचं जल भरून त्यांनी परिक्रमा उचलली. हे जल शेवटी देवाला वाहायचं. वाटेत संपलं की परिक्रमा मोडली, असा त्यांचा नेम.

शूलपाणीच्या झाडीत वाट मैयापासून दूर, डोंगरात चढली. चैत्राचं ऊन, ओढे कोरडे. "या मागून रांगत!" म्हणत नथ्थू रोजच्यासारखा पुढे गेला. दुपारी मैत्रिणी पोचतात तो काय! पैलवान सागाखाली निपचित पडलेला, ओठ फुटलेले. त्याचा तांब्या रिकामा, आणि दोघींच्या तांब्यांतही थेंब नाही.

सरजाबाईंनी कुपी काढली. केशरबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "सरजे, परिक्रमा मोडेल गं. पुन्हा या पायांनी होणार आहे का?"

सरजाबाईंचे डोळे भरले. "मोडू दे. मैयाला मी सांगेन. महाराज, आता तुम्हीच बघा!" नथ्थूचं डोकं मांडीवर घेऊन, तान्ह्याला पाजावं तसं त्यांनी थेंब थेंब जल त्याच्या ओठांत सोडलं.

नथ्थूने डोळे उघडले. तो पीतच राहिला. मग केशरबाई प्याल्या, सरजाबाई प्याल्या. कुपी केवढी, तर ओंजळभर पाण्याची! आणि पाहतात तर काठोकाठ भरलेली! धन्य ती गुरुमाउली!

परिक्रमा पुरी करून तिघे गावी आले. कुणी तोंड उघडायच्या आत महाराज म्हणाले, "काय पैलवान, पोट भरलं ना? आम्ही ओतता ओतता दमलो!"

नथ्थू ढसढसा रडत पायांशी वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले. "आम्ही नुसतं ओतलं. परिक्रमा पणाला लावली ती या बाईंनी."

नथ्थूने सरजाबाईंच्या धुळीने माखलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

"अरे नथ्थूभाऊ, हे काय! ऊठ, लोक बघतात."

"राहू द्या बाई," महाराज म्हणाले. "याची पाठ मातीला लावणारा आजवर कुणी भेटला नाही. आज कपाळ त्याने आपणहून लावलंय."