सिल्वाना माउलीच्या नावाची चिमूट

ऐक सिल्वाना माउली, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, खाऱ्या पाण्याच्या काठी होतं. तिथला राजा मातला. चौकात आपलीच दगडाची मूर्त बसवली, पुढं निखारे ठेवले, दवंडी पिटली : "लहानथोर सगळ्यांनी माझ्यापुढं चिमूटभर धूप घालावा. न घालील त्याचं शीर उडेल."

त्या नगरात सिल्वाना होती. नवरा तारवावर गेला तो आलाच नाही. घरात म्हातारी सासू, मांडीवर अंगावर पिणारा तितू. बाप्तिस्मा घेताना तिनं ख्रिस्ताला शब्द दिला होता : तुझ्यावाचून कुणापुढं धूप घालणार नाही.

मग शिपाई आले. "धूप घाल." "नाही घालणार." पुन्हा आले. "नाही घालणार." तिसऱ्यांदा आले, ते पोरासकट कोठडीत घेऊन गेले.

सासू गजाशी आली. "अगं हट्टी! चिमूट ती काय, भाजीत मीठ घालतेस त्याहून कमी. पोराकडं तरी बघ!"

सिल्वानेनं बघितलं. भय वाटलं, तितूला उराशी धरलं. म्हणाली, "आत्याबाई, त्याच्याकडं बघूनच नाही म्हणते. उद्या खरं बोल म्हणून त्याला कोणत्या तोंडानं सांगू?"

मग सासूनं काय केलं? चौकात गेली, सुनेच्या नावानं चिमूट घातली. कारभारी म्हणाला, "चालेल. राजाला धूर दिसल्याशी कारण." कोठडी उघडली. सिल्वाना घरी आली. सासू पोराला घ्यायला पुढं झाली, तो तिच्या बोटांना धुपाचा वास! सिल्वाना उंबऱ्यावरूनच फिरली. सासू मागं धावली.

चौकात येऊन म्हणाली, "ती चिमूट माझी नव्हे."

कारभारी म्हणाला, "वेडे, सुटलीस ना? घरी जा, पोराला पाज."

"पाजते, मग सांगते." तिथंच बसली, तितूला पोटभर पाजलं. उठली. "ती चिमूट माझी नव्हे." मग साऱ्या चौकाला ऐकू जाईल असं तिसऱ्यांदा म्हणाली.

तितूला सासूच्या ओटीत घातलं. "आत्याबाई, मायेनं घातलीत, राग नाही. पण पुन्हा घालू नका." मान पुढं केली. तलवार पडली.

पोर भुकेनं टाहो फोडू लागलं. सासू दारोदार फिरली. राजाच्या भयानं एकही दार उघडेना. मग रक्त सांडलं होतं तिथं येऊन बसली. "सुने, तुझा शब्द मी बाटवला. तुझ्या लेकराला आता काय देऊ?" सुरकुतली छाती त्याच्या तोंडी दिली. तो काय नवल! म्हातारीला पान्हा फुटला.

शिपाई आले. "म्हातारे, आता नातवाच्या नावानं घाल चिमूट."

म्हातारी पाजता पाजता म्हणाली, "नाही घालणार."

शिपायांनी दुधाची धार बघितली, माना खाली घालून निघून गेले.

म्हणून बायांनो, माउलीच्या सणाला तिच्यापुढं धूप जाळू नये. दुसरीच्या लेकराला आधी दूध द्यावं, मग आपल्या. भय वाटेल, वाटू द्यावं. दिला शब्द मोडू नये. म्हातारीला जसा पान्हा फुटला, तसा तुम्हांआम्हां सगळ्या आयांना फुटो, लेकरं धडधाकट राहोत. ही लांबची कहाणी थोडक्या बोलांत सांगितली, ऐकणारणीच्या ओटीत सुफळ पडो. आमेन.