नारबाची चामखीळ आणि गुरुवारची डॉक्टरीण

टाकळीत शहाणे पायलीचे पंधरा मिळायचे, भोळा मात्र एकच होता. त्याचं नाव नारबा. सांगितलं ते करायचं, आणि सांगितलं तसंच करायचं, एवढंच त्याला ठाऊक. बरं, अशा माणसाला कमी सांगावं की नाही? पण शहाण्यांना सांगितल्याशिवाय करमत नाही.

नारबाचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी बाजारपेठेतल्या तात्या ढमाल्यांची, सगुणा. तिनं नारबाला पाहिलं आणि खुदकन हसली. म्हणजे पसंत. पण तिची आत्या अनसाबाई पुढे सरसावली. नारबाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्याएवढी चामखीळ होती.

"हार घालताना माझ्या पोरीनं हे ध्यान बघायचं व्हय?" आत्या म्हणाली. "आधी ती घालवा, मग तारीख काढू."

आत्याच्या स्वतःच्या हनुवटीवर दोन केसांचा मस होता. पण आपला तो लक्ष्मीचा तीळ आणि दुसऱ्याची ती चामखीळ, हे जगात चालायचंच.

नारबाची आई सारजाबाई काळजीत पडली. एवढं एक लग्न झालं की ती डोळे मिटायला मोकळी होती. मामानं चामखिळीला घोड्याचा केस बांधून पाहिला. शेजारणीनं चुना लावून पाहिला. केस तुटला, चुना झोंबला, चामखीळ जागच्या जागी.

तेवढ्यात बाजारपेठेतल्या पोफळ्यांच्या मेडिकलवर पाटी लागली : चामखीळ, कुरूप गोठवून काढून मिळेल. त्वचेच्या डॉक्टरांची तपासणी, दर गुरुवारी.

पाटी लागली आणि गावाला आपापल्या अंगावरचे ठिपके दिसायला लागले. काल धुळीनं माखलेले लोक आज तीळ घेऊन रांगेत उभे. नारबाही उभा राहिला.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून नाक पाहिलं. "साधी चामखीळ आहे, घाबरू नका," म्हणाल्या. नळीतून फुस्स करून गार वाफ सोडली. नारबाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आता हिला हात लावायचा नाही. ओढायचं नाही. वेळ झाली की आपोआप गळून पडेल."

"बरं," नारबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तात्या आणि आत्या जेवायला येणार होते. सारजाबाईनं चूल पेटवली आणि नारबाला सांगितलं, "परसातल्या मांडवावरनं दुधी आण."

नारबा मांडवाखाली गेला. दुधी चांगला हातभर लोंबत होता. नारबा मांडी घालून खाली बसला आणि वर बघत राहिला. पाहुणे आले, पाट मांडले, ताटं वाढली. शेवटी सारजाबाई परसात आली.

"आरं, दुधी कुठाय?"

"अजून गळला न्हाई, आये."

पाहुण्यांनी चटणीभाकरी खाल्ली. आत्यानं नाक मुरडलं, पण तात्या सज्जन माणूस, त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली. ते गेल्यावर सारजाबाईनं कपाळ बडवलं.

"आरं खुळ्या, लोंबतंय ते बघत बसायचं नसतं! दिसलं की काढायचं आन् घरी आणायचं!"

"बरं," नारबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो देवदर्शनाला गेला. देवळात घंटा लोंबत होती. नारबानं ती काढली आणि घरी आणली. मागोमाग गुरव आला, त्याच्यामागे अर्धं गाव. सारजाबाईनं पाया पडून घंटा परत केली.

"अक्कल गहाण ठेवलीस का रं?" गुरव ओरडला. "कशाला बी हात लावायच्या आधी जाणत्या माणसाला दाखवावं!"

"बरं," नारबा म्हणाला.

जाणतं माणूस त्याच्या लेखी एकच. डॉक्टरीणबाई.

पुढच्या शुक्रवारी सकाळी सारजाबाई तांदूळ निवडत होती. तिच्या पदरावर विंचू चढला. तिला दिसला नाही, नारबाला दिसला. तो समोर येऊन बसला आणि हात मागे बांधून घेतले.

"आये, हलू नकोस. तुझ्या पदरावर विच्चू हाय."

"मग झटक की मुडद्या!"

"हात लावायचा न्हाई. आधी दाखवायचं. डॉक्टरीणबाई येत्या गुरुवारी येत्यात."

गुरुवारपर्यंत थांबायची विंचवाची तयारी नव्हती. सारजाबाईला सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. म्हातारी चिवट म्हणून वाचली. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न तिनं लग्नाचाच विचारला. आईच ती. लेकानं जीव घेतला असता तरी लेकाचीच काळजी.

आणि इकडे चामखीळ खरंच गळून पडली! नाक कसं लख्ख झालं. गुरुवारी नारबा ते दाखवायला मेडिकलमध्ये गेला. विंचवाची हकिगत ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, प्रत्येक गोष्टीला गुरुवार नसतो! आणि हेही लक्षात ठेवा. कुणाच्याही अंगावर काळा डाग दिसला, त्याच्या कडा वेड्यावाकड्या असल्या, आणि तो पसरत असला, तर एक क्षण थांबायचं नाही. हातातलं काम टाकून त्या माणसाला दाखवायला आणायचं."

"बरं," नारबा म्हणाला.

तारीख निघाली. वैशाखातला गुरुवार, भर दुपारचा मुहूर्त. तात्यांच्या दारात मांडव पडला, बँडवाले आले. पोरीला दृष्ट लागू नये म्हणून आत्यानं सगुणाच्या गालावर काजळाची चांगली ठसठशीत तीट लावली. नारबा आणि सगुणा समोरासमोर उभे राहिले. मध्ये अंतरपाट. उन्हानं पत्रा तापलेला, मंगलाष्टकं संपता संपत नव्हती, प्रत्येक मामीला एक म्हणायचं होतं. घामाच्या धारा लागल्या.

एकदाचा अंतरपाट खाली आला. सगुणानं लाजत मान वर केली. नारबानं हार उचलला, आणि तो तसाच थांबला.

सगुणाच्या गालावर काळा डाग. कडा वेड्यावाकड्या. आणि बघता बघता डाग पसरत होता.

नारबानं हार टाकला, नवरीला खांद्यावर घेतलं आणि मांडवातून धूम ठोकली.

"अवं, हार तरी घाला!" सगुणा खांद्यावरून ओरडली.

"आधी तपासणी!"

मागे तात्या, त्यांच्यामागे आत्या, त्यांच्यामागे सगळं वऱ्हाड. बँडवाल्यांना वाटलं वरात लवकर निघाली, ते वाजवतच मागे धावले.

मेडिकलमध्ये डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा भिजवला आणि सगुणाच्या गालावरून फिरवला. डाग गेला.

"काजळ आहे हो हे!" त्या हसत सुटल्या. "मुलगी अगदी ठणठणीत आहे. आता आधी हिला हिच्या वडिलांकडे पोचवा, बिचारे घाबरले असतील."

"बरं," नारबा म्हणाला.

नारबा सगुणाला घेऊन मांडवात परतला, तेव्हा वाटेत चुकामूक झालेले तात्याही धापा टाकत परत पोचले होते. पण हकिगत कळली तसा त्यांचा राग उतरला. डोळ्यांत पाणी आलं.

"अनसे, बघितलंस? पोरीच्या गालावरचा ठिपका बघून जीव टाकतोय. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी गावायचा न्हाई!"

भटजींनी घड्याळ पाहिलं. "मुहूर्त अजून आहे. हार उचला." सारजाबाईनं देवाला हात जोडले. सगुणा गाल पुसून उभी राहिली. काजळाशिवाय ती जास्तच छान दिसत होती. आत्यानंसुद्धा या वेळी नाक मुरडलं नाही.

नारबानं सगुणाचा हात धरला. सनईवाल्यानं गाल फुगवले. नारबा तिला घेऊन तात्यांसमोर गेला आणि तिचा हात त्यांच्या हातात ठेवला.

"घ्या तात्या," तो म्हणाला. "पोचवली."

"अवं, पण मी तुमच्या घरी यायची हाय ना?" सगुणा रडकुंडीला आली.

"तुला काय झालंय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठणठणीत हाईस. बापाकडंच ऱ्हा."

बापानं जावयाच्या हातात मुलगी दिलेली लोकांनी हजारदा पाहिली होती. जावयानं सासऱ्यालाच कन्यादान केलेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. भटजींच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या.

नारबानं तात्यांना आणि आत्याला वाकून नमस्कार केला, चपला पायात घातल्या आणि आईला म्हणाला, "चल आये, जेवून घेऊ. लोकांच्या घरचं लग्न हाय, उशिरा गेलं तर जिलबी उरायची न्हाई."