चंद्राक्काच्या काचा

ऐका मंडळी. फार वर्षांपूर्वी आपल्या कुंभेरीत कापडाची गिरणी होती, तेव्हाची ही गोष्ट. गिरणीचा भोंगा वाजला की गाव उठायचं. असं म्हणतात की नदीपलीकडचे कोंबडेसुद्धा भोंगा होईपर्यंत गप्प बसायचे. कोंबड्यांची हमी मी घेत नाही. चंद्राक्काची मात्र घेतो, कारण तिची गोष्ट आमच्या घरात आजे-पणजे सांगत आले आहेत.

चंद्राक्का गिरणीच्या फाटकाशेजारी फोटो काढायची. स्टुडिओ नवऱ्यानं घातलेला. तो लवकर गेला आणि हिनं पदर खोचून कॅमेरा हाती घेतला. बाई फोटो काढते म्हटल्यावर लोक तोंडात बोट घालायचे. ती म्हणायची, "बोट काढा तोंडातनं. फोटोत तसंच येतंय."

दर खंडेनवमीला गिरणीतली यंत्रं थांबायची. कामगार ती धुऊनपुसून हळदकुंकू वाहायचे, झेंडूच्या माळा घालायचे, आणि मग एकेक खातं आपल्या यंत्रापुढे फोटोला उभं राहायचं. त्या काळी फोटो काचेवर उतरायचा. ती काच उजेडाला धरली की सगळं उलटं दिसायचं, चेहरे काळे आणि केस पांढरे, त्यामुळे तरणीताठी माणसंही म्हातारी वाटायची. काचेवरून कागदावर छापलेले फोटो लोक घरी न्यायचे, आणि वाळवी, गळकी कौलं नि रांगती पोरं मिळून त्यांचा फडशा पाडायची. काचा तेवढ्या चंद्राक्काकडे राहायच्या. प्रत्येक काच ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवी. असं म्हणतात की वरून नुसता हात फिरवून ती सांगायची, आत कोण कोण उभं आहे ते.

पुढे गिरणीत मोठा संप झाला. विणकाम खातं हटून बसलं. सूत खात्याच्या पोटाला चिमटा बसला आणि ते आधी कामावर गेलं. झालं! हे त्यांना फितूर म्हणू लागले, ते ह्यांना माजोरी. एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा बंद झालं. नंतर संप मोडला, काही वर्षांनी गिरणीही बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, पण भांडण चालूच राहिलं. भांडणाला कुठे कोळसा लागतो?

गिरणीची जागा ज्यानं घेतली, त्यानं चंद्राक्काला निरोप धाडला की स्टुडिओ पाडायचाय, काचा तसबिरीवाल्याला देऊन टाक. तसबिरीवाला त्या गरम पाण्यात धुऊन स्वच्छ करणार होता आणि देवादिकांच्या चित्रांना लावणार होता. चंद्राक्का तेव्हा पार थकली होती. भोंगा गेला, यंत्रं गेली, आणि आता ज्यांनी गिरणी चालवली त्यांचे चेहरेही गरम पाण्यात जाणार, ह्या विचारानं तिला घास गिळवेना.

तिनं गावात सांगून पाठवलं, "आपापली माणसं घरी घेऊन जावा."

सगळ्यांच्या आधी आले शिवलिंग आणि गुरुबसू हे दोघे सख्खे भाऊ. ज्या काचेत त्यांचा बाप मधोमध उभा होता ती काच ते घेऊन गेले. घरात नेमकी वाटणी चालू होती. भांडी वाटली, बैल वाटले, शेवटी काचेवर अडलं. तेव्हा ह्या शहाण्यांनी काय करावं? बाप दोघांना निम्मा निम्मा यावा म्हणून काच बरोबर मधून कापायला घेतली! तिचा चुरा झाला. तो चुरा सुपात घेऊन दोघे चंद्राक्काच्या दारात उभे राहिले. सुपाकडे बघून ती ओक्साबोक्शी रडली.

मग डोळे पुसून म्हणाली, "आपलं म्हणून न्हेलं की माणूस त्याचं वाट्टंल ते करतोय. आता कुणाला बी आपली काच मिळायची न्हाई. दुसऱ्याची सांभाळायची."

आणि तिनं विणकामवाल्यांच्या काचा सूतवाल्यांना दिल्या, सूतवाल्यांच्या विणकामवाल्यांना.

गावात एकच गिल्ला झाला. संपाचा पुढारी यल्लाप्पा कोष्टी तावातावानं आला. "ह्या फितुरांची तोंडं मी माझ्या घरात ठेवू?"

"तोंडं बघू नगंस," चंद्राक्का म्हणाली. "लुगड्यात गुंडाळल्यात. नुसती सांभाळ."

तिला नाही म्हणायची छाती कुणाची? पण यल्लाप्पाच्या हाती गेलेल्या काचेत बाकीच्यांबरोबर हौसाबाई साळुंखेचा नवराही उभा होता. तो सूत खात्यातला, तापानं गेलेला. त्याचं रूप जगात तेवढ्या एका काचेवर उरलं होतं. हौसाबाई धावत आली. "अक्का, त्यो रागानं फोडंल! माझ्याकडं त्येंचं दुसरं काय बी न्हाई गं!"

"फोडली तर माझ्या दारात बसून मला शिव्या घाल," चंद्राक्का म्हणाली, आणि विणकामवाल्यांची एक काच तिच्या ओटीत ठेवली. हौसाबाई रडतच घरी गेली.

त्याच श्रावणात नदीनं गाव गिळलं. लोक देवळाच्या उंच पायऱ्यांवर चढून बसले. तिथून त्यांना यल्लाप्पा दिसला, गळ्याएवढ्या पाण्यात, डोक्यावर गाठोडं धरून येताना. लोक म्हणाले, जिवावर उदार होऊन आपलं सोनंनाणं घेऊन येतोय बघा. असं म्हणतात की तो चालला तशी नदी त्याच्यापुढे वीत वीत खाली बसत गेली, आणि गाठोड्याला थेंब शिवला नाही.

पायऱ्या चढून तो थेट हौसाबाईपुढे आला. त्याची भांडी, धान्य, माग, सगळं वाहून गेलं होतं. त्यानं गाठोडं सोडून काच तिच्या हातात दिली. "मोजून घे," म्हणाला. "सगळी हाईत."

 हौसाबाईनं पदराखालून पोटाशी बांधलेली विणकामवाल्यांची काच काढून त्याच्यापुढे धरली. मग एकेक करून सगळ्या पायऱ्यांवर गाठोडी सुटू लागली. आपली माणसं बघून झाल्यावर ज्यानं त्यानं दुसऱ्याची काच परत सांभाळायला घेतली. असं म्हणतात की त्या पुरात कुंभेरीतली भिंत न् भिंत पडली, पण काच एकही फुटली नाही. चंद्राक्का पायऱ्यांवर बसून सगळं बघत होती. पाणी ओसरलं तशी तीही शांतपणे गेली.

आज गिरणीच्या जागी दुकानं आहेत. पोरांनी सगळ्या काचांचे मोबाईलवर फोटो घेतलेत, घरबसल्या आजोबा दिसतात. तरी खंडेनवमीला घरी कुणी बसत नाही. त्या दिवसाला आम्ही चंद्राक्काची भेट म्हणतो. घरातली थोरली बाई गूळखोबरं घेऊन निघते, ज्यांच्याकडे आपली काच आहे त्यांच्या दारात उभी राहते आणि म्हणते, "आमची माणसं बघायला आलोय."

आणि घरात कितीही कामं असोत, वर्षभरात कितीही भांडण झालेलं असो, आतून उत्तर एकच येतं, "या की. बरी हाईत सगळी."