मधुमालतीखालचं पपनस

किती वर्षं झाली ते सांगणारं आता कोणी उरलेलं नाही, इतक्या मागची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण तिच्यात चुकलेले सगळे मोठेच होते.

नदीच्या वळणावर एक नगर होतं. तिथल्या राजाने वेशीबाहेरची पडीक जमीन साफ करून घेतली आणि तिथे सगळ्यांसाठी बाग करायचं ठरवलं. बागेत काय लावावं यावर दरबारात वाद झाला. काही म्हणाले, फुलांचे वेल लावा, वर्षाच्या आत बाग डोळ्यांत भरेल. काही म्हणाले, फळझाडं लावा, उशीर लागेल पण नातवंडं खातील. राजाला निर्णय घेता येईना. शेवटी त्याने दवंडी पिटवली, की बागेच्या फाटकाजवळ दोन जागा आहेत. एकीत कोणी वेल लावावा, दुसरीत कोणी फळझाड. आपण सावकाश पारख करू. जे सरस ठरेल ते बागभर लागेल आणि लावणाऱ्याकडे बागेची देखरेख कायमची राहील.

वेलाची जागा रंगोजीने मागून घेतली. माणूस बोलका, हसतमुख, कोणाच्याही ओट्यावर बसून तासभर गप्पा मारणारा. त्याने मधुमालती लावली. फळझाडाची जागा भिवरा नावाच्या बाईने घेतली आणि तिथे पपनसाचं रोप लावलं. भिवरा कमी बोलायची. तिचा नवरा सखोबा भला होता, पण कोणाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. या दोघांना मूलबाळ नव्हतं. त्यावरून बायका पाणवठ्यावर काय बोलत ते भिवराच्या कानावर येई. ती घागर भरून निघून जाई.

पहिल्याच पावसाळ्यात मधुमालती मांडवभर पसरली. संध्याकाळी तिच्या गुच्छांचा वास वेशीपर्यंत येई. पपनस मात्र गुडघ्याएवढंच होतं. भिवरा नदीवरून पाणी आणी, आळं करी, वाळवी लागली तर खोड खरवडून राख लावी. असं एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. रंगोजीचा मांडव दर पावसाळ्यात कुजे आणि त्याला नवे बांबू रोवावे लागत. हळूहळू त्याला त्या कामाचा कंटाळा आला. पपनस तोवर माणसाच्या दुप्पट उंच झालं होतं. एका वर्षी थंडी सरताना ते पहिल्यांदा फुललं. पांढरी जाड फुलं आली, मग सुपारीएवढी हिरवी फळं दिसू लागली. भिवरा त्या दिवशी घरी आली ती गुणगुणतच. सखोबाने तिला गुणगुणताना पहिल्यांदाच ऐकलं.

पावसाच्या तोंडावर निरोप आला, की भिवराची बहीण अंथरुणाला खिळली आहे. झाड नवऱ्यावर सोपवून भिवरा बहिणीच्या गावी गेली.

तिची पाठ वळली आणि वाऱ्याने रंगोजीचा मांडव आडवा केला. रंगोजीने नवे बांबू आणले नाहीत. तो सखोबाकडे आला आणि म्हणाला, की पाऊस सरेपर्यंत वेलाला झाडाच्या एका फांदीवर टेकू दे, मग मी मांडव घालतोच. सखोबाला ते बरं वाटलं नाही. पण दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? तो हो म्हणाला.

वेलाचा यात दोष नाही, हे आधीच सांगतो. वेलाला आधार मिळाला की तो चढणारच. एका फांदीवरून तो दुसरीवर गेला, दुसरीवरून शेंड्यावर. सखोबाला ते रोज दिसत होतं. रंगोजी रोज उद्याचा वायदा करत होता. पाऊस सरला तेव्हा पपनसाचं एक पानही उन्हात उरलं नव्हतं, आणि मधुमालती मात्र अशी फुलली होती की लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येत.

दसऱ्यानंतर भिवरा परतली. फाटकाशी आली आणि तिला आपलं झाड सापडेना. जवळ जाऊन तिने पानं बाजूला सारली. आत काळोख होता. फांद्या पिवळ्या पडलेल्या, बारक्या काटक्या वाळलेल्या, आणि फळं लिंबाएवढी होऊन तिथेच थांबलेली. तिने घरून कोयता आणला.

रंगोजी धावत पंचांकडे गेला. पंच आले, मागून निम्मं नगर आलं. भिवराने वेल लावलेली जागा दाखवली, झाडाची जागा दाखवली, आणि एवढंच विचारलं की माझ्या झाडावर हा कोणाच्या हक्काने चढला. पंचांना सरळ उत्तर द्यायचं नव्हतं. राजा चार दिवसांत पारखीला येणार होता, आणि एवढी फुलं कापलेली त्याला दिसली असती तर बोल पंचांना लागला असता. त्यांनी सांगितलं की फुलला वेल कापणं पाप आहे, बाईने थोडं मन मोठं करावं. सखोबा मान खाली घालून उभा होता. घरी गेल्यावर तो म्हणाला, "अगं, जाऊ दे. भांडून काय मिळणार?"

"मन मोठं करायला मलाच का सांगतात?" भिवरा म्हणाली. "ज्याने आयतं घेतलं त्याला कोणी का सांगत नाही?"

तुमच्याकडे आहे का याचं उत्तर?

राजा आला. पालखी फाटकाशी थांबली, पण राजा खाली उतरला नाही. पडदा सारून त्याने मधुमालतीकडे पाहिलं आणि तिची तोंडभर स्तुती केली. मग त्याने फळझाड कुठे आहे असं विचारलं. कारभाऱ्याने वेलाखालून डोकावणाऱ्या दोन पिवळ्या फांद्यांकडे बोट केलं.

"इतकी वर्षं पाणी प्यायलं आणि एक फळ नाही," राजा म्हणाला. "हे झाड वांझ आहे. तोडा ते."

गर्दीत कोणीतरी हसलं. दोन-चार बायकांनी भिवराकडे पाहून तोंडाला पदर लावला. भिवरा पुढे झाली. तिने राजाला विनंती केली की पालखीतून उतरावं, पानं बाजूला करावीत आणि आत पाहावं. कारभाऱ्याने तिला मागे ओढलं. रंगोजी हळू आवाजात म्हणाला, की महाराजांनी मनावर घेऊ नये, बाई दुःखी आहे, दुसऱ्याचं फुललेलं तिला बघवत नाही. राजाला ते खरं वाटलं. गोड आवाजात सांगितलेलं पटकन खरं वाटतं. त्याने रंगोजीला एकच प्रश्न विचारला, की झाड काढलं तर वेलाला काही होईल का.

खरं उत्तर दिलं असतं तर वेल कशावर उभा आहे ते कबूल करावं लागलं असतं. रंगोजी म्हणाला, "काही होणार नाही, महाराज. वेल आपल्या जोरावर वाढलाय."

मग कुऱ्हाडी चालल्या. भिवरा हलली नाही, रडलीही नाही. खोड कललं, करकरलं आणि कोसळलं. त्याच्याबरोबर सगळी मधुमालती खाली आली. खोडाभोवती पिळलेला तिचा जाड वेल मुळापासून तुटला. क्षणापूर्वी जिथे फुलांची भिंत होती तिथे आता नुसतं आभाळ दिसत होतं.

राजा संतापला. तो पालखीतून उतरला आणि ढिगापाशी आला. झाड उलटून पडल्यामुळे आतली बाजू आता वर आली होती. राजाला वाळलेल्या काटक्या दिसल्या, पांढुरकी पानं दिसली, आणि काटक्यांना धरून राहिलेली ती खुरटी फळंही दिसली. एकदोन नव्हे, फांदीफांदीला होती.

"आता बघितलंत," भिवरा म्हणाली. "माझं झाड फळत होतं, महाराज. त्याचं ऊन दुसऱ्याने घेतलं, त्याच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला, आणि तुम्ही खालच्याला वांझ म्हणालात. तुम्हाला पालखीतून उतरायचा कंटाळा होता."

कारभारी तिच्यावर धावला. तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, सखोबा मध्ये उभा राहिला. वेलाला टेकू द्यायला आपणच हो म्हटलं होतं, रंगोजीने पाऊस सरेपर्यंतचीच बोली केली होती, हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. राजाने रंगोजीकडे पाहिलं. इतका बोलका माणूस, पण तो खाली वाकून पडलेल्या वेलाची फुलं गोळा करू लागला.

राजाने हातातलं कडं काढून भिवरासमोर धरलं. तिने ते घेतलं नाही.

"कडं नको. तो शब्द मागे घ्या," ती म्हणाली. "जेवढ्या मोठ्याने बोललात तेवढ्याच मोठ्याने."

राजाने तोडलेल्या बुंध्यापाशी उभं राहून, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की झाड वांझ नव्हतं, आपण न पाहता बोललो. मघाशी तोंडाला पदर लावलेल्या बायकांना आता मान वर करवेना.

राजाने बागभर फळझाडं लावायची आणि वेलांना कडेने स्वतंत्र मांडव घालायचे असा हुकूम काढला. दरवर्षी ते मांडव उभारायचं काम रंगोजीच्या गळ्यात पडलं, आणि बागेची देखरेख भिवरा आणि सखोबाकडे आली. पण हुकूम काढला म्हणून गेलेली वर्षं परत येत नाहीत. कित्येक उन्हाळे त्या बागेत ना सावली होती ना फळ. पोरं फाटकाशी येत आणि तशीच परत जात. शेवटी पहिली पपनसं उतरली, गोड निघाली, साऱ्या नगरात वाटली गेली. तोवर तो राजा हयात राहिला नव्हता.

तात्पर्य: जो फळत नाही त्याला नावं ठेवण्याआधी, त्याच्या अंगावर कोण चढून बसलं आहे ते वाकून पाहावं.