मागच्याच मापाचा चुडा

एका नदीच्या दोन काठांना दोन राज्यं होती, आणि दोन्ही राज्यांतल्या बायकांना बांगड्या भरणारा कासार मात्र एकच होता. हरिबा त्याचं नाव. तो राहायचा अलीकडच्या खडकपुरात, पण त्याचा जीव सगळा पलीकडच्या कनकपुरात. तिथंच तो जन्मला, तिथंच वाढला. मग जीव तिथं नाही अडकणार तर कुठं?

ही दोन्ही राज्यं पूर्वी एकच होती बरं का. म्हातारा राजा गेला तेव्हा त्याच्या दोघा मुलांनी नदी मधे धरून वाटणी केली. तेव्हा दोन्ही काठांवर सारखीच गरिबी होती. अंगावर धड कपडा नाही, पोटाला पुरेसं अन्न नाही, अक्षराची ओळख कुणाला नाही. थोरल्या भावानं कनकपुरात दगडी वेस उभारली, लांबलचक पेठ वसवली, मोठी जत्रा भरवली. धाकट्यानं खडकपुरात विहिरी खणल्या, गावोगावी पंतोजी आणि वैद्य नेमले, आणि मुलीही शाळेत आल्याच पाहिजेत असा हट्ट धरला. या सगळ्या धांदलीत त्याच्या स्वतःच्या राजवाड्याचं गळकं छप्पर शाकारायचं राहूनच गेलं. कनकपूरचे लोक त्याला पोट धरधरून हसायचे. त्यांत हरिबाही होता.

मग पटकीची साथ आली. कनकपुरात हरिबाचा तरणा मुलगा गेला, पाठोपाठ सूनही गेली. मागं उरली पाळण्यातली नात, वेणू. तीही मलूल झाली, तेव्हा हरिबाच्या बायकोनं, सगुणाबाईनं, तिला पदराखाली घेतलं आणि सरळ नाव गाठली. खडकपूरच्या वैद्यानं पोर वाचवली. हरिबा मागोमाग आला. "चार दिवस राहू आणि परत जाऊ," म्हणाला. ते चार दिवस काही संपले नाहीत. तिकडं त्याचं रिकामं घर पेठेतल्या माणिकशेटनं ताब्यात घेतलं, आणि हरिबा खडकपूरचाच होऊन राहिला.

राहिला म्हणजे नुसता देहानं हो! दिवेलागणीला ओट्यावर बसला की त्याचं कनकपूर सुरू व्हायचं.

"आपल्या घरावर चिंच होती, वेणू. तशी चिंच या काठाला नाही. आई चुलीत चिंचोके भाजायची आणि आम्ही पोरं ते कडाकडा फोडत बसायचो. बाबा गाठोडं घेऊन यायचे ते लांबूनच कळायचं. बांगड्या किणकिणायच्या ना! मग ते आधी आईचा हात भरायचे. एवढासा हात होता गं तिचा. तिची बांगडी मी हातात घालून अंगणभर नाचायचो. मी लहान होतो तेव्हाच गेली ती."

"मग आपण इथं कशाला राहतो, आजोबा?" वेणू विचारायची.

"तुझ्यासाठी, बये," सगुणाबाई आतून म्हणायची.

हरिबाला हे झोंबायचं. "तिथली पेठ बघ, कशी फुललेली असते!"

"पेठेत सगळं मिळतं हो तिथं. आपल्याला औषध तेवढं मिळालं नाही."

यावर हरिबा इथलं पाणीच मचूळ आहे असं काहीतरी पुटपुटायचा.

खरं सांगायचं तर राज्य पारखायची हरिबाची एकच रीत होती: माल किती खपतो? कनकपुरात गेला की नवरीच्या हिरव्या चुड्याला मागणी ठरलेली. त्यातही सगळ्यांत लहान मापाचा चुडा. गाठोडं उघडायचा अवकाश, लहान मापाच्या बांगड्या हां हां म्हणता संपायच्या. खडकपुरात त्या बांगड्यांवर धूळ बसायची. इथल्या मुली बोटांना शाई माखून शाळेत जायच्या, लग्नं लांबायची, हात चांगले भरल्यावर कुठं नवऱ्या व्हायच्या. नंतरही दरसाल त्याच बायका, तेच हात, जरा जाड झालेले. घासाघीस करण्यात एकेक पटाईत! शिवाय बांगड्या भरताना सगळ्यांना एकच चटई. पाटलीणबाई आल्या तरी आधी आलेल्या मोळी विकणारीचा हात आधी. हरिबाला ते मुळीच पटायचं नाही.

कनकपुरात कसं सगळं रीतसर होतं. आधी मोठी घरं, मग पेठ, आणि वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बायकांसाठी बांगड्या दगडावर ठेवून यायच्या. त्यांचे हात हातात घ्यायची चाल नव्हती. त्या हातांची मापं हरिबाला कधी कळलीच नाहीत.

"भिकार राज्य आहे हे," तो सगुणाबाईला म्हणायचा. "लहान चुडा खपत नाही म्हणजे काय!"

एके दिवशी माणिकशेटचा निरोप आला. वेणूला आमच्या धाकट्या मुलासाठी द्या. मुलाचं आधी लग्न झालेलं आहे, पण घरात कशाला म्हणून कमी नाही. तुमचं चिंचेखालचं घर तुम्हाला परत देऊ, कायमचे राहायला या.

हरिबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं आपल्या पायांनी दारात आलं होतं.

"पोर अजून सागरगोटे खेळते," सगुणाबाई म्हणाली.

"अगं, तुझं लग्न झालं तेव्हा तू काय करत होतीस?"

"सागरगोटेच खेळत होते. म्हणून तर सांगते."

पण हरिबा कुठला ऐकतोय! नवीन धोतर नेसला, गाठोडं खांद्यावर टाकलं आणि नावेत जाऊन बसला. पलीकडचा काठ जवळ येऊ लागला तशी वेस दिसली, देवळाचा कळस दिसला, आणि कळसाच्या बाजूला चिंचेचा शेंडा. त्याला वाटलं, आता डोळे मिटले तरी चालतील.

माणिकशेटनं त्याला लोडाशी बसवलं. गूळ-पाणी दिलं. मग घराची किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. हरिबानं ती मुठीत घट्ट धरली.

"चुड्याचं तेवढं बघून ठेवा," माणिकशेटची बायको दाराआडून म्हणाली. "माप घ्यायला कशाला हवं? आमच्या घरचं माप तुम्हाला पाठ आहे. मागच्याच मापाचा आणा."

"आणतो की, वहिनी," हरिबा हसत म्हणाला. आणि त्याचं हसू तिथंच थांबलं.

मागचं माप. ते कुणाचं बरं? या धाकट्याच्याच आधीच्या नवरीचं. त्याला एक हात आठवला. मनगटावर तीळ होता. बांगड्या चढवताना दुखलं तरी ती पोर हूं की चूं करत नव्हती. चुडा भरून झाल्यावर वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, "मामा, पुढच्या वर्षी निळ्या आणाल?" त्यानं आणल्या होत्या की निळ्या! पण पुढच्या वर्षी जो हात पुढं आला त्यावर तीळ नव्हता. हरिबानं निळ्या बांगड्या त्या हातात भरल्या. दोन्ही खेपांना माल खपला म्हणून खूश होऊन तो नावेत बसला होता.

"वहिनी," त्यानं विचारलं, "ती पोर कुठं गेली?"

"कोणती?"

हरिबानं स्वतःच्या मनगटावर बोट टेकवलं.

"तीळवाली. निळ्या बांगड्या मागायची ती."

"ती होय! बाळंतपणात गेली. तिच्यानंतरची पण तशीच. अंगात जीवच नव्हता हो पोरींच्या. नशीब एकेकीचं."

हरिबा उठला. घर बघून येतो म्हणाला आणि पेठेतून चालू लागला. दोन्ही बाजूंची दारं त्याच्या ओळखीची होती. याही दारात लहान चुडा भरला होता, त्याही दारात भरला होता, आणि एकाच दारात पुन्हा पुन्हा भरला होता. आधीचे हात कुठं गेले, हे त्यानं कुणाला कधी विचारलं नव्हतं. ज्याला तो भरभराट म्हणत होता ती ही होती.

चिंचेखालचं घर त्यानं उघडलं. चूल होती तशीच होती. कोनाड्यात राख, कोळिष्टकं, आणि आईनं खिळ्याला अडकवलेली एक काचेची बांगडी, काळपट पडलेली. त्यानं ती फुंकून पुसली. बांगड्यांचं माप त्याच्या बोटांना डोळ्यांपेक्षा लवकर कळायचं. ही बांगडी गाठोड्यातल्या सगळ्यांत लहान बांगड्यांच्या मापाची होती.

आईचा हात एवढासा होता, असं तो जन्मभर कौतुकानं सांगत आला होता. हात एवढासा का होता, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. त्याची आई म्हणजे एक लहान मुलगी होती. चिंचोके भाजायची, कारण तिलाही ते खावेसे वाटत होते. हरिबा चुलीपाशी बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला.

मग डोळे पुसून तो माणिकशेटकडं परत गेला आणि किल्ली त्याच्या पुढ्यात ठेवली.

"घर राहू द्या, शेट. माझी वेणू अजून शाळेत जाते."

"शाळेत? मुलगी?" माणिकशेट उडालाच. "वेड लागलं का तुम्हाला? या घरासाठी इतकी वर्षं झुरलात ना?"

"अजून झुरतो," हरिबा म्हणाला. "पण नातीला घालवून मला घर नको."

"मग या पेठेत पुन्हा गाठोडं उघडायचं नाही!"

"बरं," हरिबा म्हणाला आणि आईची बांगडी तेवढी घेऊन निघाला.

घरी पोचला तेव्हा वेणू अंगणात पाटी पुसत बसली होती. सगुणाबाई दारातच उभी होती. हरिबानं वेणूचा हात हातात घेतला आणि आईची बांगडी घालून बघितली. अगदी बेताची बसली.

"छान दिसते," वेणू म्हणाली. "कुणाची?"

"तुझ्या पणजीची. काढून ठेव. पुढच्या वर्षी तुला ती होणार नाही."

"मग?"

"मग काही नाही. हात वाढला की मला आनंदच आहे." एवढं बोलून तो पाय धुवायला गेला. सगुणाबाईनं पदरानं डोळे टिपले आणि चुलीवर त्याच्या आवडीचं पिठलं टाकलं.

आता तुम्ही म्हणाल, हरिबानं कनकपूर सोडलं असेल. छे! आपलं माणूस आजारी पडलं म्हणून आपण त्याला सोडतो का? तो पुढच्या जत्रेला गेलाच. पेठेत जायची बंदी होती, म्हणून वेशीबाहेर दगडापाशी बसला. दगडावर चटई अंथरली. वस्तीतल्या बायका लांब उभ्या राहून बघत राहिल्या. "या की," तो म्हणाला, "हात द्या. हात हातात घेतल्याशिवाय माप कसं कळणार?" पहिली बाई भीतभीत पुढं आली. तिचं मनगट बघून हरिबाला कळलं, ही बाई धड जेवत नाही. इतकी वर्षं दगडावर ठेवलेल्या बांगड्या तिला कोपरापर्यंत जात असतील.

पेठेतल्या आयाही लपतछपत यायच्या आणि लहान चुडा मागायच्या. "ते माप मी ठेवत नाही," तो सांगायचा. "हात भरू द्या पोरीचा. मी कुठं जात नाही." कुणी शिव्या घालायचं, कुणी लांबच्या मुलखातून चुडा मागवायचं. एखादी मात्र मुलीच्या हाताकडं बघत तशीच उभी राहायची आणि घरी परत जायची. थोरल्या राजाच्या कानावर हे गेलं. आधी तो चिडला. मग कधीतरी त्याच्याच लेकीचं पहिलं बाळंतपण अडलं, पेठेत शोधून सुईण मिळेना, आणि नदीपलीकडून वैद्य आणावा लागला. लेक वाचली. त्यानंतर त्यानं धाकट्या भावाच्या गळक्या छपराला हसायचं सोडून दिलं आणि दोन पंतोजी मागून घेतले.

वेणू शिकली, मोठी झाली आणि वैद्याच्या हाताखाली सुईणपण शिकली. पुढं ती नावेनं कनकपुरात येऊ-जाऊ लागली. तिच्या लग्नाचा चुडा हरिबानंच भरला, चांगल्या भरल्या हातात.

चिंचेखालच्या घरात राजानं मुलींची शाळा उघडली. हरिबा म्हातारपणी तिथं ओट्यावर येऊन बसायचा. एकदा त्यानं घरात पडून राहिलेल्या लहान मापाच्या साऱ्या बांगड्या आणल्या आणि शाळेतल्या पोरींना वाटून टाकल्या. पोरींनी त्यांच्या साखळ्या केल्या, चिंचेला टांगल्या, घालून अंगणभर नाचल्या. वारा आला की बांगड्या किणकिणायच्या. हरिबाला वाटायचं, बाबा गाठोडं घेऊन येताहेत, आणि आई चुलीपाशी चिंचोके भाजत बसली आहे. मग शाळा सुटायची, आणि पोरी बांगड्या काढून दप्तरात टाकून घरी पळायच्या.

तात्पर्य: देश किती पुढं गेला हे त्याच्या वेशीवरून आणि पेठेवरून ओळखू नये, तिथल्या सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत लांब ठेवलेल्या हाताला अन्न, अक्षर, औषध आणि मान मिळतो का ते पाहावं. आणि ज्या मातीवर आपली माया आहे तिची उणीव आधी आपणच दूर करायला लागावं.